दोन कंपन्यांची इंजिनं, एक घाट आणि आमचा गणपती

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

इअरफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण सुरुवातीलाच एक आवाज ऐकवणार आहे.

[धाडकन आवाज, मागून मुलांचा आरडाओरडा]

ऐकलंत? आमच्या सोसायटीतल्या एका मुलाच्या मोबाइलवर हे रेकॉर्ड झालंय. साडेतीन फुटांवरून एक मॉडेल रेल्वेचं इंजिन फरशीवर पडलं, त्याचा हा आवाज. इंजिन माझं नव्हतं. माझ्या मित्राचं होतं, त्याच्या भावाने जर्मनीहून आणलेलं. आणि ते पडलं तेव्हा त्याचं नियंत्रण माझ्या हातातल्या फोनवर होतं.

बरेच जण मेसेज करून विचारतात, की वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिनं आणि डबे एकत्र चालतात का रे? रूळ तर सारखेच असतात ना? तर आज त्याचं उत्तर देतो. उत्तर ‘चालतात’ असंच आहे, पण मला ते जरा महागात शिकायला मिळालं.

झालं असं, की सोसायटीच्या गणपतीसाठी आम्ही खंडाळ्याचा घाट करायचं ठरवलं. पुणे-मुंबई करणाऱ्यांना हे माहीत असतं: मुंबईहून येणारी गाडी कर्जतला थांबते, आपण खाली उतरून वडा खातो, आणि तेवढ्यात गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडली जातात. त्यांना बँकर म्हणतात. घाटाचा चढ १ः३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. पुढचं इंजिन ओढतं, मागचे बँकर ढकलतात, लोणावळ्याला बँकर सुटतात. मला देखाव्यात नेमकं हेच हवं होतं. डोंगर आणि धबधबा कोणीही करतं हो, आपल्या देखाव्यात बँकर पाहिजे!

पण १ः३७ आम्हाला परवडला नाही. खालच्या रुळावरून पूल न्यायचा तर ८ सेंटिमीटर उंची लागते, आणि १ः३७ ने तेवढं चढायला जवळजवळ ३ मीटर लांबी. हॉलमध्ये तेवढी जागा कुठून आणणार? आम्ही १ः२५ केला, २ मीटरमध्ये भागवलं. म्हणजे आमचा घाट खऱ्यापेक्षा अवघड निघाला, आणि बँकर शोभेचा न राहता गरजेचा झाला.

सामान काय होतं ते सांगतो. पुढे माझं अमेरिकन धाटणीचं डिझेल इंजिन, एचओ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या ८७ वा भाग. मागे मित्राचं जर्मन इलेक्ट्रिक इंजिन, तेही एचओ. मध्ये चार डबे, त्यातले दोन युरोपियन आणि दोन जुन्या बाजारातून घेतलेले ब्रिटिश. ब्रिटिश डबे ओओ स्केलचे असतात, १ः७६, म्हणजे जरा जाडजूड. पण रुळाची रुंदी दोन्हींत एकच, १६.५ मिलिमीटर, त्यामुळे ते त्याच रुळावर आरामात धावतात. मुलांना फरक कळला नाही. बी विंगमधले एक काका निवृत्त लोको पायलट आहेत, घाटात गाड्या चालवलेले. ते हॉलमध्ये आले, एक नजर टाकली आणि म्हणाले, “मधले दोन डबे जास्त जेवलेत वाटतं.”

आता कपलिंग. या चार डब्यांत आणि दोन इंजिनांत तीन प्रकारचे आकडे होते. अमेरिकन इंजिनाला नकल कपलर. आपल्या दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवा, तसा. युरोपियन सामानाला कडी आणि आकडा. ब्रिटिश डब्यांना आडवी पट्टी आणि तिच्यावर पडणारा हुक. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. आणि हे फक्त मॉडेलमध्येच होतं असं समजू नका. आपल्या रेल्वेतही जुन्या आयसीएफ डब्यांना स्क्रू कपलिंग आणि दोन बाजूंना बफर, तर नव्या एलएचबी डब्यांना मधोमध सीबीसी कपलर. दोन्ही प्रकारचे डबे ओढता यावेत म्हणून इंजिनाला जोडीला दुसरी सोय ठेवावी लागते. काकांना हे सांगायला गेलो तर तेच हसले. “अरे बाळा, ते मी हाताने जोडलंय.”

इलाज दोन आहेत. पहिला सोपा: एका डब्याच्या एका टोकाला एक कपलर, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि तो डबा दुभाषी म्हणून मध्ये ठेवायचा. इंजिन फक्त ओढणार असेल तर हे पुरतं. दुसरा इलाज सगळ्यांना एकच कपलर बसवायचा. आम्ही दुसरा घेतला, कारण आम्हाला ढकलायचं होतं.

इथे युरोपियन मानकाची मदत होते. बऱ्याच नव्या डब्यांच्या टोकाला एक चौकोनी खोबण असते, एनईएम ३६२ नावाची. त्यात जुना आकडा खेचून काढायचा आणि नवा सरकवायचा, स्क्रूसुद्धा लागत नाही. केडी ही अमेरिकन कंपनी या खोबणीत बसणारे नकल कपलर चार लांब्यांमध्ये बनवते, नंबर १७, १८, १९ आणि २०. १७ सगळ्यात आखूड, २० सगळ्यात लांब. तुमच्या सगळ्यात तीव्र वळणावर दोन डब्यांचे बफर एकमेकांत अडकणार नाहीत, एवढाच लांब घ्यायचा. फार लांब घेतला तर डब्यांमध्ये एवढी फट पडते की त्यातून उंदीर जाईल.

पण खोबण आहे म्हणजे काम झालं, असं नाही. एचओमध्ये कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंचावर, म्हणजे साधारण ९.९ मिलिमीटरवर हवा. माझ्या एका ब्रिटिश डब्याची खोबण मिलिमीटरभर खाली होती. सपाट रुळावर डबा जोडलेला राहायचा. चढ जिथे सुरू होतो तिथे एक कपलर वर सरकायचा, दुसरा खाली, आणि गाडी गुपचूप तुटायची. उंची मोजायचा गेज विकत मिळतो. नसेल तर नीट बसवलेला एक डबा आदर्श म्हणून बाजूला ठेवा आणि बाकी सगळे त्याच्याशी टेकवून बघा.

दुसरी गोष्ट मला काकांनी दाखवली. जुन्या डब्यांमध्ये कपलर बोगीला जोडलेला असतो, डब्याच्या शरीराला नाही. ओढताना बोगी सरळ खेचली जाते, काही बिघडत नाही. ढकलताना वळणावर तोच जोर तिरका लागतो, बोगी पिळली जाते आणि चाक रुळावरून उतरतं. त्यामुळे त्या दोन डब्यांचे कपलर काढून मी तळाला, शरीरालाच, छोटी पेटी स्क्रूने बसवून त्यात घातले. वजनही बघा. एचओसाठी अमेरिकन संघटनेची शिफारस अशी: १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. म्हणजे १० इंची डबा ६ औंसाचा हवा, साधारण १७० ग्रॅम. आमचे डबे हलके होते. आत नट चिकटवले. लोखंडी, घरातल्या डब्यातले. आईला अजून माहीत नाहीये.

इथवर सगळं छान चाललं होतं. आता डिजिटल भाग.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: जुन्या पद्धतीत रुळातला विजेचा दाब कमीजास्त केला की गाडी हळू-जोरात जाते, आणि त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदम. डीसीसीमध्ये रुळात वीज कायम असते, आणि त्याच विजेतून संदेश जातात. विजेची दिशा सारखी उलटसुलट होते. अर्धा हेलकावा ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘१’, १०० किंवा जास्त असेल तर ‘०’. इंजिनात बसवलेली चिप, तिला डीकोडर म्हणतात, हे वाचते. व्हॉट्सॲप ग्रुपसारखं आहे. मेसेज सगळ्यांना जातो, ज्याचं नाव घेतलंय तोच उठतो.

नाव म्हणजे पत्ता. आणि कारखान्यातून येणाऱ्या इंजिनाचा पत्ता ठरलेला असतो, ३. माझं नवंकोरं, पत्ता ३. मित्राने आपलं कधी बदललंच नव्हतं, पत्ता ३. पहिल्या दिवशी दोन्ही रुळावर ठेवली, फोनवर स्लायडर सरकवला, आणि दोघं एकाच वेळी एकमेकांकडे निघाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

फोन कसा, तर आमची कमांड स्टेशनची पेटी घरी केलेली आहे. आर्डुइनो मेगा, मोटर शील्ड, वायफायचा तुकडा, आणि त्यावर डीसीसी-ईएक्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर नावाचं ॲप आहे, तेही फुकट. आयफोनवाल्यांना विथ्रॉटल. म्हणजे महागडा कंट्रोलर न घेता तुमचा जुना, काच फुटलेला फोन चालतो.

डीकोडरच्या आतल्या सेटिंगना सीव्ही म्हणतात. नोकरीसाठी पाठवतो तो सीव्ही नाही. प्रत्येक सीव्हीला एक नंबर आणि त्यात एक आकडा, ० ते २५५. मला माझ्या इंजिनाला त्याच्या अंगावर लिहिलेलाच नंबर द्यायचा होता, ३०४४. १२७ पर्यंतचा पत्ता नुसता सीव्ही १ मध्ये लिहिता येतो. त्याहून मोठा असेल तर तो सीव्ही १७ आणि १८ मध्ये विभागून जातो. ३०४४ ला २५६ ने भागा: भागाकार ११, बाकी २२८. भागाकारात १९२ मिळवा, २०३ झाले, ते सीव्ही १७. बाकी २२८, ती सीव्ही १८. मग सीव्ही २९ ला सांगायचं की आता मोठा पत्ता वापर. त्यात मोठ्या पत्त्याचे ३२ आणि २८ वेगपायऱ्यांचे २, एकूण ३४. त्यातच आणखी ४ मिळवले तर इंजिन जुन्या पद्धतीच्या विजेवरही चालतं, पण मी ते मिळवत नाही. संदेश गडबडला तर इंजिन साधी वीज समजून सुसाट सुटू शकतं. हे सगळं हातानेच करावं लागतं असं नाही. जेएमआरआय नावाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या, त्यात पत्ता टाइप केला की गणित तेच करतं. पण गणित माहीत असलेलं बरं.

प्रोग्रॅमिंगसाठी रुळाचा एक वेगळा तुकडा ठेवायचा. तिथे चिप उत्तर कसं देते माहितीये? मोटर क्षणभर हलवून. ६ मिलिसेकंद, निदान ६० मिलिअँपिअर जास्त वीज ओढते, तोच तिचा ‘हो’. म्हणून इंजिन तिथे जागच्या जागी थरथरतं. चाकं मळली असतील तर तो ‘हो’ पोचत नाही आणि आपण चिपला शिव्या घालत बसतो. भाद्रपदातली हवा, रुळांवर दोन दिवसांत थर येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना बनियन.

आता जोडी. दोन इंजिनांनी एकाच स्लायडरवर चालावं म्हणून दोन्हींच्या सीव्ही १९ मध्ये एकच आकडा लिहायचा. आम्ही ५० घेतला. बँकर उलट्या तोंडाने उभा होता, म्हणून त्याला १२८ मिळवून १७८. मग वेग जुळवायचा. २ मीटर सपाट रूळ, फोनचं स्टॉपवॉच. माझं इंजिन पूर्ण वेगात ६ सेकंद, मित्राचं साडेचार. नेहमी वेगवान इंजिनाला आवरायचं, सुस्त इंजिनाला पळवता येत नाही. मित्राच्या इंजिनाचा सीव्ही ५, म्हणजे कमाल वेग, २५५ वरून १७० च्या आसपास आणला, मधल्या वेगासाठी सीव्ही ६. बँकर केसभर हळूच ठेवला.

राहिले सीव्ही ३ आणि ४. पहिला वेग किती सावकाश वाढावा, दुसरा किती सावकाश कमी व्हावा. दोन्ही इंजिनांत दोन्ही ठिकाणी मी २० लिहिले. सारखा आकडा, सारखं वागणं. झालं काम. स्टॉपवॉच खिशात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, आरतीच्या आधी, हॉल भरलेला. गाडी वळणावरच्या पुलावर होती आणि एका छोट्या मुलीने रुळावर जास्वंदीचं फूल ठेवलं. अगदी प्रेमाने. मी स्लायडर शून्यावर आणला. माझं इंजिन दोनेक सेकंदांत थांबलं. मित्राचं थांबलं नाही. ते आपल्या गतीने, शांतपणे, ढकलत राहिलं. मधला डबा आधी उचलला गेला, मग आडवा झाला, मग कठड्यावरून गेला, आणि आम्ही एवढ्या निगुतीने बसवलेल्या कपलरने मागच्या इंजिनाला बरोबर नेलं.

तो आवाज तुम्ही सुरुवातीला ऐकला.

ॲपमध्ये इमर्जन्सी स्टॉपचं बटण असतं. ते दाबलं की सगळी इंजिनं सीव्ही ४ न मानता तिथल्या तिथे थांबतात. मला माहीत होतं. हात स्लायडरवर होता, तो स्लायडरवरच राहिला.

पँटोग्राफ तुटला, एक बफर कुठे गेला कळलं नाही. मित्र काही बोलला नाही. इंजिन रुमालात गुंडाळलं आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी एकच मेसेज आला: “लाइट लागतात, आवाज येतो, हलत नाही. मोटर गेली.” मी लिहिलं, भरून देतो. त्यावर उत्तर नाही. दोन निळ्या टिका, बस्स.

रात्री दोन वाजता अंथरुणात माझ्या लक्षात आलं. लाइट लागतात, आवाज येतो, हलत नाही. अरे! सीव्ही १९! जोडीचा आकडा भरलेला असेल तर डीकोडर स्वतःच्या पत्त्यावर आलेला वेगाचा हुकूम ऐकतच नाही. दिवे आणि आवाज ऐकतो, वेग नाही. मित्र घरी पत्ता ३ वर चालवायला बघत होता, आणि इंजिन अजून माझ्या जोडीतच होतं. सकाळी सातला त्याच्या दारात उभा राहिलो. काकूंनी चहा दिला, तो समोर बसला, पण बोलेना. त्याच्या टेबलावरच्या रुळावर सीव्ही १९ मध्ये शून्य लिहिलं. इंजिन चाललं. तो पहिलं वाक्य बोलला ते असं: “माझ्या इंजिनात तू अजून काय काय बदललंयस?”

आणि मला सांगता येईना. मी आधीचे आकडे टिपून ठेवलेच नव्हते. दुसऱ्याच्या इंजिनाला हात लावण्याआधी सगळे सीव्ही वाचून फाइल सेव्ह करायची असते, जेएमआरआयमध्ये ते एका बटणाचं काम आहे. सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की बरेच डीकोडर कारखान्याच्या सेटिंगवर परत जातात, पण भावाने आणताना दुकानातून आवाज वगैरे जुळवून घेतले होते, तेही पुसलं गेलं असतं. शेवटी दोघांनी बसून एकेक सीव्ही वाचला. तास गेला. त्या तासात तो हळूहळू बोलायला लागला.

आणि तिथेच खरी चूक सापडली. मानकाप्रमाणे सीव्ही ४ मधल्या आकड्याला ०.८९६ ने गुणलं की पूर्ण वेगावरून शून्यावर यायला लागणारे सेकंद मिळतात. २० म्हणजे साधारण १८ सेकंद. मित्राच्या इंजिनातली चिप हे तंतोतंत पाळते. माझ्या इंजिनातली चिप दुसऱ्या कंपनीची, तिचा गुणक वेगळा, ०.२५. तिचे २० म्हणजे ५ सेकंद. पुलावर गाडी अर्ध्या वेगात होती. पुढचं इंजिन अडीच सेकंदांत थांबलं, मागचं ९ सेकंद ढकलत राहिलं. दोन्ही माहितीपुस्तिकांत हे छापलेलं होतं. मी वेग मोजला, थांबणं मोजलंच नाही, नुसते आकडे सारखे केले. संध्याकाळी काकांना हे सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, “पुढचा थांबला आणि मागचा नाही थांबला, तर मधल्यांनी जायचं कुठं?”

पुन्हा करताना पद्धत बदलली. आधी दोन्हींचे सीव्ही ३ आणि ४ शून्य केले, नुसता वेग जुळवला, प्रत्येक पायरीला नाही, पण सुरुवातीचा, मधला आणि कमाल. मग थांबणं. अर्ध्या वेगात दोन्ही इंजिनं वेगवेगळ्या रुळांवर शेजारी पळवायची, एकदम शून्य करायचं, आणि कोण किती पुढे जातं ते पट्टीने मोजायचं. माझ्या इंजिनात १४, मित्राच्यात ४. आकडे वेगळे, थांबणं सारखं. मग डबे जोडून चढावर, तळाखाली गादी टाकून. हो, अक्षरशः गादी. मित्राची अट होती.

शेवटच्या रात्री फोन मित्राच्या हातात दिला. गाडी पुलावर आली आणि त्याने मुद्दाम, कोणाला न सांगता, स्लायडर शून्यावर आणला. माझ्या पोटात गोळा आला. दोन्ही इंजिनं थांबली. मधल्या डब्यांचे कपलर तसेच सैल, कोणावर कोणाचा जोर नाही. काकांनी वाकून ते बघितलं, “हं,” म्हणाले, आणि खिरापतीच्या रांगेत गेले.

पँटोग्राफ नवा मागवलाय, पैसे मी दिलेत. बफर अजून सापडला नाही. हॉल झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय, काळा, शेंगदाण्याच्या दाण्याएवढा. तुमच्याकडे दोन कंपन्यांची इंजिनं असतील तर थांबायला किती वेळ लागतो ते मोजा आणि मला कळवा, दोन्हींचे सीव्ही ४ काय निघाले. भेटू पुढच्या भागात.